मूल बोलेल तसे

अनुवादाचे काम बरीच वर्षे केल्यानंतर एक अनुभव मनात पक्का होतो. शास्त्रातील किंवा कायद्यातील पारिभाषिक शब्द अनुवादकाला फारसे छळत नाहीत. त्यांना प्रतिशब्द नसला तरी तो घडविता येतो, कोशात घालता येतो आणि काही वर्षांत तो रुळतोही. खरी अडचण घरातल्या शब्दांची. ‘रुसवा’, ‘हट्ट’, ‘लाडीगोडी’, ‘खोडी’ असले शब्द दुसऱ्या भाषेत नेऊ लागलो, की त्यांच्याभोवतीचे अर्धे घर मागेच राहते. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अनुवादक म्हणून माझी सारी नोकरी झाली. तिथल्या फायलींत ‘खोडी’ हा शब्द कधी आला नाही. तो समोर आला निवृत्तीनंतर, आणि त्याचे भाषांतर कसे होते यावर एका मुलाचे पुढचे पुष्कळ काही अवलंबून होते.

मी जयपूरच्या राजा पार्क भागात राहते. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून उखडून आलेली कुटुंबे आदर्शनगर आणि राजा पार्कच्या या परिसरात स्थिरावली. आज त्यांची तिसरी-चौथी पिढी येथे दुकाने चालविते. गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. गुरुद्वारा आहे, मंदिरे आहेत, आणि पंचवटी सर्कलपाशी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पंजाबी, सिंधी, हिंदी आणि जयपूरची आपली ढूंढाडी या भाषा एकाच फळवाल्याच्या गाडीपुढे कानी पडतात. त्यांतच नोकरी-व्यवसायानिमित्त आलेली आमची काही मराठी घरे आहेत. या घरांतील मुले घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. आपले मूल तीन भाषांत लीलया वावरते याचा आई-वडिलांना अभिमान असतो, व तो रास्तही आहे. परंतु त्यांतील एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मूल घाबरले असता कोणत्या भाषेत बोलते? आणि ज्याला ते सांगते, त्याला ती भाषा कळते काय?

ज्या प्रसंगाविषयी लिहावयाचे आहे, त्यातील मूल कोण, शाळा कोणती, वर्ष कोणते, हे मी सांगणार नाही. अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे. पण कायदा नसता तरी मी तेच केले असते. या कामी मराठी व्याकरण माझ्या मदतीला येते. हिंदीत ‘बच्चा’ म्हणावे लागते किंवा ‘बच्ची’. मराठीत ‘मूल’ म्हणता येते, आणि ‘ते मूल’ म्हटल्यावर तो मुलगा की मुलगी हे वाचकाला कळण्याचे कारण राहत नाही. केवळ झाकण्यासाठी नव्हे, अर्थासाठीही हे नपुंसकलिंग योग्य आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांत राजस्थान होते, महाराष्ट्र होता आणि गोवाही होता. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक त्रासाचा अनुभव सांगितला, आणि अशा मुलांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून किंचित अधिकच होते. मुलाला काय व्हायचे आहे, असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या घरांनी हा आकडा पुन्हा वाचावा. २०१२ च्या कायद्यातही अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, ‘बालक’ आहे.

तर ते मूल दुसऱ्या गावाहून नुकतेच जयपुरात आले होते. हिंदी त्याला समजत असे, पण बोलताना ते अडखळत असे. शाळेत ने-आण करणाऱ्या व्हॅनमध्ये ते रोज बसे. काही दिवसांनी त्याने शाळेत जाण्यास कुरकूर सुरू केली. पोट दुखते म्हणू लागले. रात्री दिवा मालवू देईना. नव्या शाळेचा बुजरेपणा असेल, असे घरच्यांना प्रथम वाटले. मग एके दिवशी आई वेणीफणी करीत असता, की नखे कापीत असता, ते एवढेच म्हणाले, ‘व्हॅनवाले काका माझी खोडी काढतात. आईला सांगू नको म्हणतात.’

आई-वडील शाळेत गेले. शेजारी म्हणून आणि दोन्ही भाषा नीट येतात म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले. वडिलांनी आपल्या परीने हिंदीत सांगितले, ‘बच्चा कहता है, अंकल मस्ती करते हैं.’ मुख्याध्यापिकांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. ‘मस्ती तो सब करते हैं जी,’ त्या म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या; त्यांच्यापुढे जे वाक्य आले त्याला त्यांनी साजेसेच उत्तर दिले.

वडिलांचे भाषांतर कोशाच्या दृष्टीने चुकीचे म्हणता येणार नाही. खोडी म्हणजे मस्ती, शरारत, छेड. शब्दकोश एवढेच सांगेल. पण मुलाच्या भाषेत ‘माझी खोडी काढतात’ या वाक्यात एक तक्रार असते. खोडी काढली जाते ती आपल्या इच्छेविरुद्ध. ज्याची काढली जाते त्याला ती नको असते. हिंदी ‘मस्ती’त दोघेही हसत असतात. शिवाय मुलाने दोन वाक्ये उच्चारली होती आणि हिंदीत एकच पोहोचले होते. दुसरे वाक्य, ‘आईला सांगू नको म्हणतात’, वडिलांच्या तोंडून निघालेच नाही. निघाले नाही यात नवल नाही. कोणत्याही बापाची जीभ तेथे जड होईल. मी ती दोन्ही वाक्ये आधी मराठीत जशीच्या तशी म्हटली आणि नंतर शब्दशः हिंदीत सांगितली. दुसरे वाक्य ऐकल्यावर खोलीत कोणी काही बोलेना.

मग शाळेकडून जे सुचविण्यात आले ते सर्वत्र सुचविले जाते. आम्ही व्हॅनवाल्याशी बोलतो, दोन दिवस द्या, उगाच बोभाटा नको, मुलाचेही नाव होईल. यातील प्रत्येक वाक्यात मुलाची काळजी दिसते, आणि त्या काळजीआड संस्थेची काळजी उभी असते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सर्वजण ‘पोक्सो’ म्हणतात, तो त्या वर्षी १४ नोव्हेंबरला, बालदिनी, अंमलात आला. त्याच्या १९ व्या कलमानुसार असा अपराध घडल्याचे ज्याला माहीत आहे, किंबहुना घडण्याची ज्याला धास्ती आहे, अशा प्रत्येकाने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे. आधी चौकशी करा, खात्री करून घ्या, मग कळवा, असे कायदा म्हणत नाही. शोध घेणे हे शाळेचे काम नव्हे. कळविणे हे आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचा अपराध दडविल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मी एवढेच म्हटले की दोन दिवस देण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही. त्याच संध्याकाळी आई-वडिलांनी तक्रार दिली.

संस्थेचे नाव जपण्याची ही वृत्ती जयपूरची नाही की महाराष्ट्राची नाही. ती संस्था नावाच्या वस्तूचीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेलगत राजुरा हे गाव आहे. तेथील एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले. वसतिगृहातील मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांना हे कळूनही त्यांनी कळविले नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला आणि माहिती असून न कळविणे हा गंभीर अपराध आहे, बहुधा ते अपराध्यांना पाठीशी घालण्यासारखेच असते, असे स्पष्ट केले. तरीही दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरला तेच घडले. पूर्वप्राथमिक वर्गातील चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतील सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार होती. मुलींनी घरी सांगितले, पालकांनी ऐकले, पण शाळेने पोलिसांना कळविले नाही, आणि पोलिसांनी तक्रार नोंदवून घेईपर्यंत पालकांना तासन् तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतप्त लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा कोठे यंत्रणा हलली. पुढे शाळेच्या व्यवस्थापनावरही न कळविल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. आरोपी महिनाभरात पोलिसांच्या गोळीने मेला, आणि खटल्यातून जे बाहेर यायचे ते त्याच्यापुरते तेथेच थांबले.

या प्रकरणात चार वर्षांच्या मुलींनी आपले काम केले होते, हे विसरता कामा नये. त्या बोलल्या होत्या. त्यानंतर बोलावयाची पाळी मोठ्यांची होती.

आमच्या गल्लीतील प्रसंगाकडे परत वळते. पोलीस ठाण्यातून एक महिला उपनिरीक्षक घरी आल्या, साध्या वेशात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, घेणारी अधिकारी शक्यतो स्त्री असावी, तिने गणवेश घालू नये, आणि ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे असे माणूस जवळ असावे, ही सारी कायद्याचीच कलमे आहेत. परंतु मला सर्वांत मोलाचे वाटले ते २६ वे कलम. जबाब ‘मूल बोलेल तसा’ लिहावयाचा, असे ते सांगते. मुलाची भाषा समजत नसेल तर दुभाषक घ्यावा. आणि दुभाषकाने भाषांतर पूर्ण व अचूक करावे, त्यात भर घालू नये व काही गाळू नये, असे नियमांत लिहिले आहे. नोकरीत मी शेकडो अधिनियमांचे अनुवाद केले, पण आमच्या व्यवसायाचा धर्म इतक्या थोडक्यात सांगितलेला मला दुसरीकडे आढळला नाही.

मी शेजारी आहे, नातलग नाही, हे प्रथम सांगून मी बसले. उपनिरीक्षक बाईंनी विचारले, खोडी को क्या लिखूँ? मी म्हटले, खोडीच लिहा. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच, देवनागरी. त्यामुळे हे शक्य होते. त्यांनी हिंदी जबाबाच्या मधोमध मुलाची दोन मराठी वाक्ये अवतरणचिन्हांत लिहून घेतली व त्याखाली अर्थ लिहिला. मग त्यांनी मुलाला विचारले, खोडी म्हणजे काय ते दाखवशील का? त्याच्याजवळ एक कापडी हत्ती होता. त्याने काय दाखविले ते मी लिहिणार नाही. त्या हत्तीकडे बघितल्यावर ‘मस्ती’ हा शब्द त्या खोलीत पुन्हा कोणी उच्चारला नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी या एका विचारात होते. त्या मुलाने ‘खोडी’ हा शब्द का निवडला? उत्तर साधे आहे. त्याच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. आपण मुलांना नाक, कान, डोळे, कोपर, ढोपर, टाच अशी शरीराची नावे शिकवितो. बोट लावून विचारतो, आणि मुलाने बरोबर सांगितले की टाळ्या वाजवितो. मात्र कमरेखाली येताच आपली भाषा लंगडी होते. ‘शूची जागा’, ‘ती जागा’, ‘नको तिथे’. नाहीतर नुसते ‘शी, घाण’. शहाण्यासुरत्या घरांतही याहून अधिक शब्द नाहीत. ज्या अवयवाला नाव नाही त्याच्याविषयी तक्रार कशी करावी? आणि ज्याचे नावच ‘घाण’ आहे त्याला कोणी हात लावला, तर घाण आपणच झालो, असे मुलाला वाटले तर त्याचा काय दोष? लाज हा आपल्या संस्कारांतला एक मोलाचा शब्द आहे. परंतु येथे तो चुकीच्या माणसाच्या वाट्याला येतो.

दुसरी अडचण नात्याच्या शब्दांची. आपल्याकडे रिक्षावाले काका, दूधवाले मामा, शिपाईदादा, आयामावशी. परक्याला नात्यात ओढून घेण्याची ही रीत मला फार प्रिय आहे. राजा पार्कच्या या परमुलखात त्या रीतीनेच आमची घरे टिकली. पण काका म्हटले की काकाचा मान आलाच. मोठ्यांना उलट बोलू नये, ते जवळ घेतील तर जावे, देतील ते घ्यावे. त्या २००७ च्या पाहणीतही त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासाच्या नात्यातले आढळले होते. ‘काका’ हा शब्द टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. काकालाही ‘नको’ म्हणता येते, आणि काकाने सांगितले तरी आईपासून काही लपवावयाचे नसते, ही दोन वाक्ये त्या शब्दाबरोबरच शिकवावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

अलीकडे शाळांतून ‘गुड टच, बॅड टच’ शिकवितात. २६ ऑगस्ट २०२३ रोजी राजस्थानातील सरकारी शाळांमध्ये हा पाठ एकाच दिवशी राज्यभर देण्यात आला. खेड्यापाड्यांतील शिक्षकांनीही तो दिला, ही लहान गोष्ट नव्हे. मराठी घरांतही आता हेच इंग्रजी शब्द वापरतात. उसन्या शब्दाला घरची लाज चिकटलेली नसते, म्हणून तो तोंडातून सहज निघतो, हा त्याचा गुण. दोष असा, की चांगले आणि वाईट ठरविण्याचे ओझे तो मुलावर टाकतो. गोड बोलून, चॉकलेट देऊन केलेला स्पर्श मुलाला वाईट वाटतोच असे नाही. तेव्हा अवयवांची साधी मराठी नावे, कोणी गुपित ठेवायला सांगितले तर ते सांगावयाचेच हा नियम, आणि ज्यांच्याकडे जावे अशा दोन-तीन माणसांची नावे, हे मला त्याहून उपयोगाचे वाटते. माणसे न मिळाल्यास १०९८ हा क्रमांक आहे. मुलांसाठीची ती दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली होती.

पण मुलाला शब्द दिले म्हणजे आपले काम संपत नाही. १ नोव्हेंबर २०२५ रोजी याच जयपुरात एका खाजगी शाळेच्या आवारात चौथीतील नऊ वर्षांच्या मुलाने प्राण गमावले. वर्गातील इतर मुलांच्या छळाची तक्रार आई-वडिलांनी पूर्वीही केली होती, असे त्यांचे म्हणणे होते; आणि केंद्रीय शिक्षण मंडळाच्या चौकशीत नोंदले गेले, की अखेरच्या पाऊण तासात ते मूल शिक्षिकेकडे वारंवार गेले होते. तेथे कॅमेरे होते, आणि त्यांनी ते जाणे टिपलेही होते. कॅमेरा बसविणे, नोकरीवर घेतलेल्या प्रत्येकाची, मग तो शिक्षक असो की कंत्राटी कामगार, पोलिसांकडून तपासणी करून घेणे, ही सारी व्यवस्था हवीच. २०२० च्या नियमांनी तपासणी सक्तीची केली आहे. परंतु मूल कॅमेऱ्याकडे जात नाही. ते बाईंकडे जाते. बाईंच्या समोर चाळीस वह्या असतात, तास संपत आलेला असतो, आणि मूल म्हणते ते वाक्य ‘खोडी काढतात’ इतकेच लहान असते.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा मुले शाळेकडे येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली. त्यासाठी त्यांनी ‘अंगणवाडी’ आणि ‘कुरणशाळा’ असे शब्द वापरात आणले. त्यांतला पहिला पुढे साऱ्या देशाने उचलला. मराठीने मुलांसाठी शब्द घडविल्याचे हे उदाहरण माझ्या मनात नेहमी असते. तेथे जे साधले ते येथे का साधू नये?

त्या प्रसंगानंतर आमच्या भागातील पाच-सहा मराठी आया आणि दोन आजोबा आमच्याकडे जमले. शरीराच्या सर्व भागांची नावे मुलांना कोणत्या शब्दांत सांगावयाची, हा विषय होता. संस्कृत शब्द अवघड, गावातले शब्द शिवीसारखे, इंग्रजी शब्द परके. बरीच चर्चा झाली, हसणेही झाले. अखेर सर्वांना मान्य होतील असे चार शब्द ठरले आणि ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून काढले. ते मोठ्याने वाचताना प्रत्येक मोठ्या माणसाचा आवाज त्या शब्दांपाशी खाली गेला. मग मुलांना आत बोलावले आणि तेच पान त्यांच्यापुढे धरले. नाक, कान, कोपर, ढोपर वाचावे तशीच ती नावे त्यांनी एका दमात वाचली. त्यांचा आवाज कोठेही खाली गेला नाही.